पनवेलकरांची मिडसाइझ पेट्रोल गाडी : आधी इंजिन ओळखा, मग निगा ठरवा

मिडसाइझ पेट्रोल गाडी घ्यायची ठरली की पनवेलमध्ये दोन प्रश्न हमखास निघतात. अ‍ॅव्हरेज किती देते? घाटात ओढते का? तिसरा प्रश्न क्वचितच विचारला जातो, पण खिशाच्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा आहे : हे इंजिन दीड-दोन लाख किलोमीटर न उघडता चालावे, यासाठी मला काय करावे लागेल?

आजची पेट्रोल इंजिने तेवढी नक्की चालतात. खात्री करायची असेल तर कळंबोलीहून पुण्याकडे प्रवासी नेणाऱ्या एखाद्या अर्टिगाच्या चालकाला गाडीचे रीडिंग विचारा आणि आजवर इंजिनाला काय काय करावे लागले तेही विचारा. रोज घाट चढणाऱ्या माणसाचे उत्तर कोणत्याही जाहिरातीपेक्षा उपयोगी असते. इंजिन अकाली खोलावे लागते ते बहुतेक वेळा दोनच कारणांनी : ते एकदा जोरात तापलेले असते, किंवा त्यातले ऑइल वेळेवर बदललेले नसते. दोन्ही गोष्टी मालकाच्या हातातल्या आहेत.

म्हणून या लेखात सांगायचे ते एवढेच. इंजिनाचा टिकाऊपणा निम्मा त्याच्या रचनेत असतो आणि निम्मा तुमच्या वापरात. रचना ओळखली तर कुठे जपायचे ते कळते, आणि वापर ओळखला तर किती वेळा जपायचे ते कळते.

पनवेलचा वापर ‘साधा’ नाही

गाडीसोबत मिळालेले मॅन्युअल काढा आणि देखभालीचे पान उघडा. बहुतेक कंपन्या तिथे दोन वेळापत्रके देतात : एक साध्या वापरासाठी आणि दुसरे कठीण वापरासाठी. कठीण वापर म्हणजे काय, तेही तिथेच लिहिलेले असते : वारंवार छोट्या फेऱ्या, थांबत-सरकत चालणारी वाहतूक, बराच वेळ इंजिन जागच्या जागी चालू ठेवणे, धुळीचे रस्ते, घाटरस्ते, कडक उन्हाळा.

आता आपल्या गाडीचा आठवडा डोळ्यांपुढे आणा. सकाळी मुलांना शाळेत सोडायचे, मग स्टेशन गाठायचे, म्हणजे दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या. मुंबईला निघालात तर सायन–पनवेल महामार्गावर ट्रकांच्या मागे सरकत जायचे. कळंबोलीच्या लोखंड बाजाराच्या आणि तळोजा एमआयडीसीच्या बाजूला अवजड वाहनांची अखंड धूळ. शनिवारी पुण्याला जायचे तर खोपोलीच्या पुढे बोरघाट, आणि गणपतीत कोकणात निघालात तर पळस्पे फाट्यापासूनच गोवा महामार्गाची गर्दी. मॅन्युअलमधल्या कठीण वापराच्या जवळजवळ सगळ्या अटी पनवेलची गाडी एकाच महिन्यात पूर्ण करते.

तरीही सर्व्हिसची आठवण येते ती साध्या वेळापत्रकाप्रमाणे, दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष झाल्यावर. पहिला सल्ला म्हणून हा : तुमची गाडी कठीण वापराच्या तक्त्यातली आहे असे धरूनच चाला. त्या तक्त्यात ऑइल आणि फिल्टर किती लवकर बदलायला सांगितले आहेत ते पाहा, आणि सर्व्हिस सेंटरमध्ये जॉबकार्ड लिहितानाच तसे सांगा. वर्षाला एखादा ऑइल बदल जादा होईल, पण इंजिन बांधण्याच्या खर्चापुढे ती रक्कम किरकोळ आहे.

पंधराशे सीसीच्या आतली इंजिने

भारतातली मिडसाइझ इंजिने १४६२, १४९७, १४९८ सीसी अशी पंधराशेच्या उंबरठ्यावरच का थांबतात? कारण करात आहे. जीएसटीमध्ये अनेक वर्षे पंधराशे सीसीपर्यंतच्या मध्यम पेट्रोल गाड्यांना एक दर होता आणि त्यावरच्या गाड्यांना त्याहून जास्त. सप्टेंबर २०२५मध्ये दर बदलले आणि चार मीटरपेक्षा लांब पेट्रोल गाड्यांना सरसकट ४० टक्के कर आला, पण इंजिने आधीच्या हिशेबाने घडलेली आहेत.

या मापात आज दोन प्रकार दिसतात. पहिला साध्या श्वासाचा, म्हणजे टर्बो नसलेला. होंडा सिटीचे २०२०पासूनचे १४९८ सीसी इंजिन १२१ पीएस ताकद आणि १४५ न्यूटन-मीटर टॉर्क देते. मारुतीचे १४६२ सीसीचे के१५बी इंजिन २०१८मध्ये सियाझ आणि अर्टिगात आले. त्याची ताकद १०५ पीएस आणि टॉर्क १३८ न्यूटन-मीटर. ह्युंदाईच्या व्हर्ना आणि क्रेटातले १४९७ सीसी इंजिन ११५ पीएस आणि १४४ न्यूटन-मीटरचे आहे. तिन्ही आकडे जवळजवळ आहेत, आणि तिन्ही इंजिनांचा स्वभावही जवळचाच आहे.

दुसरा प्रकार टर्बोचा. घाट चढून गेलात की चाकणला स्कोडा-फोक्सवॅगनचा कारखाना लागतो. तिथे बनणाऱ्या स्लाव्हिया आणि व्हर्टसमध्ये ९९९ सीसीचे तीन सिलिंडरचे टीएसआय इंजिन येते. ते ११५ पीएस आणि १७८ न्यूटन-मीटर देते. याच गाड्यांतले १४९८ सीसीचे टर्बो इंजिन १५० पीएस आणि २५० न्यूटन-मीटरचे आहे, तर व्हर्नाचे १४८२ सीसी टर्बो इंजिन १६० पीएस आणि २५३ न्यूटन-मीटरचे.

माहितीपत्रकातल्या या आकड्यांपेक्षा त्यांच्यापुढे लिहिलेल्या इंजिनाच्या फेऱ्या (आरपीएम) अधिक बोलक्या असतात. होंडाचा १४५ न्यूटन-मीटर टॉर्क ४३०० फेऱ्यांवर मिळतो आणि मारुतीचा १३८ न्यूटन-मीटर ४४०० फेऱ्यांवर. लिटरभर टीएसआयचा १७८ न्यूटन-मीटर मात्र साधारण १७५० फेऱ्यांपासूनच हाताशी येतो. साध्या इंजिनाला चढावर गिअर खाली घेऊन फिरू द्यावे लागते, आणि टर्बो कमी फेऱ्यांतच ओढते, ते यामुळे. चढावर साध्या इंजिनाचा आवाज वाढला म्हणून ते कमकुवत ठरत नाही. ते तसेच चालण्यासाठी घडवलेले असते.

चार गोष्टी आधी विचारून घ्या

गाडी नवी असो वा जुनी, तिच्या इंजिनाबद्दल चार प्रश्नांची उत्तरे मिळाली की निगेचा आराखडा तयार होतो.

पहिला प्रश्न : टर्बो आहे का? टर्बोचे पाते एक्झॉस्टच्या गरम वायूवर मिनिटाला लाखाहून जास्त फेऱ्या फिरते आणि त्याचे बेअरिंग इंजिन ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असते. ऑइल काळे, जुने किंवा कमी झाले की पहिला फटका तिथे बसतो. टर्बो गाडीत ऑइल बदलण्याची तारीख कधीही पुढे ढकलू नका. साध्या इंजिनात हा भाग मुळातच नसतो. बिघडू शकणाऱ्या वस्तू कमी असणे हे त्याचे सर्वांत मोठे बळ आहे.

दुसरा प्रश्न : पेट्रोल कुठे फवारले जाते? सिटी, सियाझ आणि साध्या व्हर्नात ते इनटेकच्या वाटेवर, व्हॉल्व्हच्या मागे फवारले जाते. येणारे पेट्रोल व्हॉल्व्ह धुऊन काढते आणि कार्बन फारसा साचत नाही. टीएसआय आणि ह्युंदाईच्या टर्बो इंजिनात पेट्रोल मोठ्या दाबाने थेट सिलिंडरमध्ये सोडले जाते. त्यामुळे इंधनाचा वापर अधिक नेमका होतो, पण इनटेक व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत आणि वर्षानुवर्षे गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीत त्यांच्यावर कार्बन बसू शकतो. अशा गाडीला अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर अर्धा-पाऊण तास नीट पळवणे आवश्यक आहे. टाकीत ओतायच्या औषधाने हा कार्बन निघत नाही, कारण ते पेट्रोल त्या व्हॉल्व्हपर्यंत पोहोचतच नाही.

तिसरा प्रश्न : टायमिंगला चेन आहे की बेल्ट? होंडा, मारुती आणि ह्युंदाईच्या वरील इंजिनांत चेन आहे, टीएसआयमध्ये दातेरी बेल्ट. ‘चेन म्हणजे कायमची’ असे समजून अनेक जण निश्चिंत राहतात. पण चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. ऑइल खराब राहिले तर चेन आणि टेन्शनर दोन्ही झिजतात, आणि सकाळी चालू करताना दोन-तीन सेकंद खडखड ऐकू येते. फोक्सवॅगनच्या आधीच्या पिढीतल्या १.२ आणि १.४ लिटर टीएसआय इंजिनांना चेन होती आणि तिच्या ताणाच्या तक्रारी युरोपात गाजल्या. त्यानंतरच्या पिढीत कंपनीने दातेरी बेल्ट आणला. बेल्ट शांत चालतो, पण त्याला वयाची आणि किलोमीटरची मर्यादा असते. तो तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळून सगळे इंजिन निकामी होऊ शकते. बेल्टची गाडी असेल तर तपासणीचे वर्ष आणि रीडिंग मॅन्युअलमध्ये पाहून आजच लिहून ठेवा. बेल्ट बदलताना टेन्शनर आणि आयडलर सोबतच बदलून घ्या, म्हणजे मजुरी दोनदा पडत नाही.

चौथा प्रश्न : टॅपेट आपोआप जुळतात की हाताने जुळवावे लागतात? टीएसआयमध्ये ते ऑइलच्या दाबाने आपोआप जुळतात. सिटीच्या २०२०पूर्वीच्या इंजिनांत मात्र ठरावीक अंतराने टॅपेट तपासून जुळवावे लागतात. हे काम इंजिन थंड असतानाच होते आणि त्याला वेळ लागतो, म्हणून घाईच्या सर्व्हिसमध्ये ते राहून जाते. टॅपेट ढिले असतील तर टकटक ऐकू येते. ते घट्ट झाले तर आवाज येत नाही, पण व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि जळू शकतो. गाडीला सीएनजी किट बसवले असेल तर या तपासणीकडे अधिक लक्ष द्या.

बोरघाटात इंजिनाला काय सोसावे लागते

एक साधा हिशेब करू. चार माणसे आणि सामान धरून गाडीचे वजन दीड टन. खोपोलीच्या बाजूने लोणावळ्यापर्यंत ती सुमारे ६०० मीटर उंच चढते. नुसते वर नेण्याच्या कामाला साधारण एक लिटर पेट्रोल जळते, आणि रस्ता कापायला लागणारे पेट्रोल वेगळेच. त्या एका लिटरमधल्या ऊर्जेचा तिसऱ्या हिश्शाहूनही कमी भाग गाडी उचलण्यात खर्च होतो. उरलेली सगळी उष्णता सायलेन्सर, रेडिएटर आणि ऑइल यांच्या वाटे बाहेर पडायला हवी.

मोकळ्या रस्त्यावर वारा हे काम करतो. लाँग वीकेंडला घाटात वाहने अडकली की वारा थांबतो, एसी चालू असतो, पुढचा ट्रक गरम धूर सोडत असतो आणि सगळा भार रेडिएटरच्या पंख्यावर येतो. सपाटीवर वर्षभर लपलेला दोष अशा वेळी उघडा पडतो : चिखलाने बुजलेला रेडिएटर, थकलेला पंखा, कमी झालेले कूलंट, अडकणारा थर्मोस्टॅट. घाट दोष निर्माण करत नाही, दाखवून देतो. तेव्हा तयारी कळंबोलीला, एक्स्प्रेसवे सुरू होण्याआधीच झालेली हवी.

निघण्यापूर्वी थंड इंजिनावर कूलंटची पातळी पाहा. ती दर महिन्याला थोडी थोडी खाली जात असेल तर वरून भरत राहू नका, गळती शोधा. कूलंटमध्ये नळाचे पाणी कधीही घालू नका. त्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात आणि अ‍ॅल्युमिनियम खातात. कंपनीने सांगितलेले कूलंट डिमिनरलाइज्ड पाण्यात सांगितलेल्या प्रमाणात, किंवा तयार मिश्रणच वापरा. दोन रंगांची दोन कूलंट एकत्र करू नका. रेडिएटरचे झाकणही तपासून घ्या. बंद यंत्रणेतल्या दाबामुळे कूलंटचा उत्कलनबिंदू वर जातो. झाकण सैल झाले की दाब टिकत नाही आणि कूलंट लवकर उकळते.

चढताना साध्या इंजिनात वेळेवर गिअर खाली घ्या आणि इंजिन तीन हजारांच्या आसपास फिरू द्या. वरच्या गिअरमध्ये एक्सलरेटर पूर्ण दाबून गाडी गुरगुरत चढवणे इंजिनाला अधिक जाचक असते. टर्बोत तर ते धोक्याचे आहे. कमी फेऱ्यांवर जास्त भार दिला की प्लगने ठिणगी टाकण्यापूर्वीच मिश्रण पेटू शकते, आणि त्या एका धक्क्याने पिस्टन किंवा रिंग तुटू शकते. हा प्रकार टाळण्याची चाचणी पुढे ऑइलच्या दर्जातच समाविष्ट झाली. डब्यावर ‘एपीआय एसपी’ ही २०२०पासूनची खूण असलेले ऑइल ती चाचणी पार करते.

उंचीचाही परिणाम होतो. दर शंभर मीटर चढाला साध्या इंजिनाची ताकद साधारण एक टक्क्याने कमी होते, कारण हवा विरळ होते. लोणावळ्यात हा फरक सहा टक्क्यांच्या आसपास असतो, महाबळेश्वरला तेरा. ओव्हरटेक करताना हे लक्षात ठेवा. टर्बो हवा दाबून घेतो, म्हणून त्याला हा फरक कमी जाणवतो.

तापमानाचा काटा मध्यावरून वर सरकू लागला किंवा लाल दिवा लागला, तर क्रमाने असे करा. एसी बंद करा. हीटर पूर्ण गरमवर आणि पंखा जोरात लावा. गाडीत बसणे नकोसे होईल, पण इंजिनातली बरीच उष्णता त्या वाटेने निघते. सुरक्षित जागा दिसताच बाजूला थांबा. वाफ येत असेल किंवा रेडिएटरचा पंखा फिरत नसेल तर इंजिन बंद करा. झाकण गरम असताना उघडू नका, उकळते कूलंट अंगावर उडते. थंड व्हायला अर्धा तास तरी द्या. ‘लोणावळा आलेच आहे, तेवढे जाऊ’ हा विचार हेड गॅस्केट घालवतो. अ‍ॅल्युमिनियमचे हेड एकदा वाकले की ते काढून घासावे लागते, आणि इंजिनाचे पूर्वीचे आयुष्य बहुधा परत मिळत नाही.

टर्बो गाडी घाट चढून आल्यावर लगेच बंद करू नका. एक्स्प्रेसवे सोडून लोणावळ्याच्या बाजारापर्यंत सावकाश आलात तर टर्बो आपोआप निवतो. पण वर पोहोचताच कुठे थांबलात तर इंजिन मिनिटभर तसेच चालू ठेवा.

आणखी एक गोष्ट. घाटात ‘इंजिन गेले’ म्हणून थांबलेल्या गाड्यांत पुष्कळदा क्लच जळालेला असतो. अर्धा क्लच दाबून गाडी चढावर तोलून धरू नका, हँडब्रेक वापरा. ऑटोमॅटिक गाडीतही एक्सलरेटरवर गाडी तोलू नका, ब्रेकवर उभी करा.

ऑइल : ग्रेड, दर्जा आणि तारीख

ऑइलच्या डब्यावर दोन गोष्टी पाहायच्या : जाडी आणि दर्जा. सिटीसाठी कंपनी ०डब्ल्यू-२० हे पातळ ऑइल सांगते. ‘आपल्याकडे उन्हाळा कडक, जाड ऑइल टाकू’ असा सल्ला गॅरेजमध्ये मिळतो. तो जुन्या इंजिनांच्या काळातला आहे. आजच्या इंजिनांत बेअरिंगमधली फट, ऑइल पंप आणि व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा पातळ ऑइल धरूनच आखलेली असते. मॅन्युअलमध्ये जे ग्रेड मान्य आहेत त्यांतलेच निवडा आणि बिलावर ते नाव लिहून घ्या.

छोट्या फेऱ्यांत ऑइल पूर्ण गरम होत नाही. सिलिंडरच्या भिंतीवरून उतरलेले पेट्रोल आणि पाण्याची वाफ त्यात साठत जाते. म्हणून वर्षाला चार हजार किलोमीटर चाललेल्या गाडीचे ऑइलही वर्षाला बदलावेच लागते. ऑइल वापराने जसे खराब होते, तसे पडून राहूनही होते. आठवड्यातून एकदा गाडी अर्धा तास सलग चालवा, म्हणजे ही वाफ निघून जाते.

महिन्यातून एकदा डिपस्टिक काढून पाहण्याची सवय लावा. गाडी सपाट जागी हवी आणि इंजिन बंद करून काही मिनिटे झालेली हवीत. ऑइलचा दिवा लागण्याची वाट पाहू नका. तो दिवा दाब कमी झाल्यावर लागतो, आणि तोवर बेअरिंग कोरडे पडू लागलेले असते.

एअर फिल्टर हा पनवेलच्या गाडीचा दुसरा नाजूक भाग आहे. कळंबोली, तळोजा, विमानतळ आणि नवी बांधकामे या बाजूंनी रोज जाणाऱ्या गाडीचा फिल्टर प्रत्येक सर्व्हिसला उघडून पाहा. वेळ आली की बदला, हवा मारून पुन्हा पुन्हा वापरू नका. फाटलेल्या फिल्टरमधून गेलेली धूळ सिलिंडर घासते.

इथेनॉलचे पेट्रोल

आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे. इथेनॉलचे ऑक्टेन चांगले असते, त्यामुळे नॉकिंग कमी होते. पण लिटरमागे त्याची ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश असते, म्हणून अ‍ॅव्हरेज थोडे घसरते. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५मध्ये ही घट नव्या जुळणीच्या गाड्यांत एक ते दोन टक्के आणि इतर गाड्यांत तीन ते सहा टक्के सांगितली. काही जुन्या गाड्यांत २० ते ३० हजार किलोमीटर वापरानंतर रबराचे काही भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात, असेही त्याच वेळी सांगितले.

एप्रिल २०२३नंतरच्या गाड्यांचे भाग या मिश्रणाला चालतील असे घडवलेले आहेत. त्याआधीच्या गाडीबद्दल मॅन्युअल आणि पेट्रोलच्या झाकणाच्या आतले स्टिकर वाचा, आणि कंपनीकडून ईमेलवर लेखी उत्तर घ्या. सर्व्हिसला गाडी उचललेली असताना इंधनाच्या रबरी नळ्या, त्यांचे जोड आणि इंजेक्टरच्या ओ-रिंग पाहायला सांगा. बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास येत असेल तर ती तपासणी त्याच दिवशी व्हायला हवी.

इथेनॉल ओलावा ओढते. पनवेल, खारघर, कामोठे या भागात जहाजांवर नोकरी करणाऱ्यांची कितीतरी कुटुंबे आहेत, आणि त्यांची गाडी महिनोन्महिने उभी असते. अशी गाडी ठेवताना टाकी भरून ठेवा, म्हणजे आत हवेला आणि ओलाव्याला जागा कमी राहते. घरातल्या कोणाला तरी आठवड्यातून एकदा ती अर्धा तास चालवायला सांगा. जागच्या जागी पाच मिनिटे इंजिन चालू करून बंद केल्याने भले होत नाही. त्यात इंजिन गरम होत नाही, फक्त ओल आणि कच्चे पेट्रोल ऑइलात उतरते.

पावसाळा

भरतीच्या वेळी जोराचा पाऊस आला की कळंबोलीत आणि गाढी नदीकाठच्या सखल भागांत पाणी साचते, हे पनवेलकरांना वेगळे सांगायला नको. पेट्रोल इंजिनाचा खरा शत्रू त्याच्या एअर इनटेकमधून शिरणारे पाणी आहे. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी गेले आणि पिस्टन वर आला की कनेक्टिंग रॉड वाकतो. आपल्या गाडीचा इनटेक कुठे आहे ते कोरड्या दिवशी बॉनेट उघडून पाहून ठेवा. अनेक गाड्यांत तो ग्रिलच्या वरच्या कडेला असतो. समोरून येणाऱ्या ट्रकची लाट तिथपर्यंत सहज पोहोचते.

पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका, एकदाही नाही. ढकलून किंवा टोइंग करून बाहेर काढा, आणि मेकॅनिकने प्लग काढून सिलिंडरमधले पाणी निघाले याची खात्री केल्याशिवाय चावी फिरवू नका. साध्या विम्यात असे नुकसान बहुधा बसत नाही. त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ हे जादा कवच असते, ते मे महिन्यात तपासून घ्या.

पावसाळ्यात उंदीरही बॉनेटखाली आसरा घेतात आणि वायरी कुरतडतात. इंजिनाचा पिवळा दिवा अचानक लागला तर महागड्या सेन्सरवर संशय घेण्याआधी वायरिंग पाहायला सांगा. हा दिवा स्थिर असेल तर एक-दोन दिवसांत गाडी स्कॅन करून घ्या. तो लुकलुकत असेल तर सिलिंडर मिस होतो आहे आणि न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाते आहे. वेग कमी करा, भार देऊ नका आणि शक्य तितक्या लवकर थांबा. शंभर-दोनशे किलोमीटर तसेच रेटलेत तर प्लग-कॉइलच्या दुरुस्तीचे बिल कन्व्हर्टरच्या बिलात बदलते.

जुनी गाडी घेताना

एमएच-४६ असो वा मुंबई-पुण्याची पासिंग, गाडी पाहायला सकाळी जा आणि मालकाला आधीच सांगा की इंजिन चालू करून ठेवू नका. बॉनेटला हात लावून ते थंड आहे याची खात्री करा. मग चालू करून पहिले दहा सेकंद फक्त ऐका. चेनची खडखड, टॅपेटची टकटक, मिस होणे हे सगळे त्या दहा सेकंदांत कळते.

धूर पाहा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. पांढरा धूर इंजिन गरम झाल्यावरही येत राहिला तर कूलंट जळते आहे. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जाते आहे. थंड असतानाच कूलंटची टाकी पाहा, आत तेलाचा तवंग किंवा गंजाचा रंग नसावा. ऑइल भरायच्या झाकणाच्या आतून दुधाळ थर दिसला तर सावध व्हा. छोट्या फेऱ्यांनीही थोडा थर येतो, पण डिपस्टिकवरही तोच रंग असेल तर ती गाडी सोडून द्या.

मग गोवा महामार्गाने कर्नाळ्याच्या खिंडीपर्यंत चालवून पाहा. पनवेलजवळ चढाची परीक्षा घ्यायला ही जागा चांगली आहे. एसी लावा, तिसऱ्या गिअरमध्ये चढा, तापमान पाहा, एक्सलरेटर दाबताना धक्का किंवा नॉकिंग येते का ते ऐका. परत आल्यावर इंजिन चालू ठेवून पाच मिनिटे उभे राहा आणि रेडिएटरचा पंखा लागतो व थांबतो का ते पाहा.

शेवटी कागद. ओडोमीटरच्या आकड्यापेक्षा सर्व्हिसची बिले महत्त्वाची. ऑइल कोणत्या तारखेला, कोणत्या रीडिंगला, कोणत्या ग्रेडचे टाकले याची सलग नोंद असलेली एक लाख किलोमीटरची गाडी, नोंद नसलेल्या चाळीस हजारांच्या गाडीपेक्षा मी निःशंकपणे चांगली म्हणेन. सौदा पक्का करण्यापूर्वी स्वतःच्या मेकॅनिककडून स्कॅनिंग आणि कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या. सगळ्या सिलिंडरांचे आकडे एकमेकांच्या जवळ हवेत.

कोणते इंजिन घ्यावे?

वर्षाला आठ-दहा हजार किलोमीटर, बहुतेक पनवेल-खारघरमध्येच, आणि गाडी दहा वर्षे ठेवायची, असा हिशेब असेल तर टर्बो नसलेले, चेनचे इंजिन घ्या. ते कमी मागते आणि कुठल्याही चांगल्या गॅरेजमध्ये हाताळले जाते. दर आठवड्याला पुणे असेल, भरलेली गाडी घाटात न्यायची असेल आणि ऑइलची तारीख पाळण्याची शिस्त घरात असेल, तर टर्बो आनंदाने घ्या. चढावर त्याची सहजता दिसते आणि नीट जपले तर तेही दीर्घकाळ चालते. शिस्त जमणार नसेल, तर टर्बो घेऊ नका.

वर्षाचे वेळापत्रक

मार्चमध्ये, ऊन वाढण्याआधी : कूलंट, रेडिएटरची सफाई, पंखा, झाकण आणि बेल्ट. मेअखेर : एअर फिल्टर, बॅटरी, वायरिंग आणि विम्याचे कवच. गणपतीत गोवा महामार्गाला लागण्याआधी : ऑइलची पातळी, ब्रेक आणि टायर. दिवाळीनंतर, धुळीचे दिवस सुरू होताना : ऑइल बदल, एअर फिल्टर पुन्हा, आणि रीडिंगप्रमाणे प्लग. या चार वेळची कामे गाडीच्या कागदांसोबत एका वहीत तारीख, रीडिंग आणि बिलासह लिहा. दहा वर्षांनी गाडी विकायला काढाल तेव्हा त्या वहीमुळे चार पैसे जास्त मिळतील, आणि तोपर्यंत घाटाच्या मध्यावर बॉनेट उघडून उभे राहण्याची वेळ तुमच्या कुटुंबावर सहसा येणार नाही.